सुरईंतील पाणी आणि गणितांतील पाणी

भरलेली सुरई उपडी केली तर तिच्यांतील पाणी एका धारेनें खालीं येत नाहीं, हें कोणीहि पाहिलें असेल. घोटभर पाणी पडतें, मग तें थबकतें, एक मोठा बुडबुडा गुडगुड करीत मानेंतून वर चढतो, आणि पुन्हां घोटभर पाणी पडतें. मान एकच, तिच्यांतून पाण्यास खालीं यावयाचें असतें व हवेस वर जावयाचें असतें. कोणीं कोणास वाट द्यावी याचा तंटा तेथें दर क्षणीं नव्यानें मिटत असतो. हा तंटा इतका घरगुती आहे कीं त्यांत शास्त्रज्ञांनीं लक्ष घालण्याजोगें कांहीं असेल असें सहसा वाटत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच तंट्यानें अमेरिका, जर्मनी व जपान या तीन देशांतील अभियंत्यांस वीस वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेविलें, आणि संगणकानें दिलेल्या उत्तरावर विश्वास केव्हां ठेवावा हा प्रश्न प्रथमच भर सभेंत उभा केला. तो इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

पाणी एकटें वाहत असेल तर नळींत त्याचा दाब किती उतरेल हें आज कोणताहि अभियंता सांगूं शकतो; वाफेचेंहि तसेंच. पण दोन्ही एकाच नळींतून जाऊं लागलीं म्हणजे हिशेब बिघडतो. वाफ थोडी असेल तर ती बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांतून तरंगत जाते. अधिक झाली कीं बुडबुडे एकमेकांत मिळून नळीभर रुंदीचे गोळे होतात. आणखी वाढली कीं पाणी पातळ थर होऊन भिंतीस चिकटतें व मधून वाफ सुसाट धांवते. आणि शेवटीं तो थरहि फाटून पाण्याचें धुकें होतें. प्रत्येक अवस्थेंत घर्षण निराळें, उष्णता देण्याघेण्याची रीत निराळी. वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम सर्वत्र तेच खरे. परंतु वाफ पाण्यास किती ढकलते व पाणी वाफेस किती अडवितें, हें त्या नियमांत कोठेंहि लिहिलेलें नसतें. तेथें समीकरणांत जागा रिकामी सोडावी लागते आणि ती प्रयोगावरून बसविलेल्या सूत्रानें भरावी लागते. १९४९ सालीं लॉकहार्ट व मार्टिनेली यांनीं दाबाच्या उतारासंबंधीं जें सूत्र प्रसिद्ध केलें तें पुढें कित्येक दशकें सर्व जगानें वापरलें. पण त्याच्या मुळाशीं असलेल्या नळ्यांपैकीं सर्वांत रुंद नळीचा व्यास जेमतेम एक इंच होता. संगणकाच्या मोठ्या गणितांत अशीं सूत्रें पुष्कळ येतात. इमारत कितीहि उंच असो, तिच्या विटा अशा लहान नळ्यांतून भाजून निघालेल्या असतात. मोठ्या भांड्याचा भार त्या सोसतील किंवा नाहीं, हें इमारतीच्या आराखड्याकडे पाहून कळत नाहीं.

या शंकेला जीवनमरणाचें महत्त्व आलें तें अणुभट्टीमुळें. ज्या भट्टींत पाणी दाबाखालीं ठेविलेलें असतें तिच्यांत तें सुमारें १५५ वातावरणांच्या दाबाखालीं ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलेलें असतें. दाब आहे म्हणूनच उकळत नाहीं. एखादा मोठा नळ फुटला तर दाब कांहीं सेकंदांत कोसळतो आणि पाणी व वाफ यांचा लोट बाहेर पडतो. त्याबरोबर अणुविभाजनाची साखळी तुटते हें खरें. पण इंधनांत सांचलेल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता कोणाच्या सांगण्यानें थांबत नाहीं. भट्टी बंद होतांच ती मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के असते. म्हणजे ३,००० मेगॅवॅट उष्णतेच्या भट्टींत सुमारें २०० मेगॅवॅट. ती वाहून नेण्यास पाणी नसेल तर इंधनाच्या कांड्यांवरील झिर्कोनियमचें आवरण तापत जातें, आणि १,२०० अंशांच्या आसपास त्याचा वाफेशीं संयोग इतक्या वेगानें होऊं लागतो कीं त्या संयोगाचीच उष्णता मूळ उष्णतेंत भर घालते. याकरितां बाहेरून थंड पाणी सोडण्याची योजना प्रत्येक भट्टीस केलेली असते. पाणी असतें, पंप असतात, टाक्या असतात. प्रश्न एवढाच कीं सोडलेलें पाणी गाभ्यापर्यंत पोहोंचेल काय?

चालू भट्टीचा नळ फोडून हें पाहतां येत नाहीं. म्हणून गणित. १९६६ च्या सुमारास अमेरिकेंत 'फ्लॅश' नांवाची गणनपद्धति निघाली आणि तिच्याच वळणावर आयडाहो येथील सरकारी प्रयोगक्षेत्रांत 'रिलॅप' या नांवाच्या गणनपद्धतींची मालिका सुरू झाली. त्या वेळचे संगणक आजच्या मानानें अगदींच दुबळे. म्हणून सर्व भट्टी कांहीं थोड्या कप्प्यांत वांटून घ्यावयाची, आणि प्रत्येक कप्प्यांत पाणी व वाफ एकजीव मिसळलेलीं आहेत, दोहोंचें उष्णतामान एक व वेगहि एकच, असें मानावयाचें, अशी सोय काढण्यांत आली. सोय म्हणून ती वाईट नव्हती. परंतु तिचा अर्थ काय होतो तें पहा. वेग एकच असला म्हणजे एका मार्गांतून मिश्रण वर तरी जाईल किंवा खालीं तरी येईल. पाणी खालीं व वाफ वर असें एकाच वेळीं घडूं शकत नाहीं. म्हणजे या गणिताच्या मूळ स्वरूपांत आमची सुरई उपडी केली तर ती कधींच रिकामी होणार नाहीं!

असें असूनहि ही पद्धति कांहीं कसोट्यांस चांगली उतरली. इंग्लंडांतील एडवर्ड्स व ओब्रायन यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयांत आजहि ओलांडावयाच्या पहिल्या उंबरठ्यासारखा आहे. चार मीटरांहून किंचित् लांब, ७३ मिलिमीटर व्यासाची एक आडवी नळी. तींत सुमारें ७० वातावरणांच्या दाबाचें तप्त पाणी. एका टोकास कांचेची तबकडी. तबकडी फोडावयाची आणि नळींत ठिकठिकाणीं दाब कसा उतरतो तें टिपावयाचें. गणितांतला दाब व नळींतला दाब बराचसा जुळला. यांत नवल नाहीं: त्या नळींत पाणी व वाफ दोघांनाहि एकाच दाराकडे जावयाचें होतें. तंटा नव्हता.

तंटा उभा राहिला तो १९७० च्या अखेरीस आयडाहो येथील 'सेमिस्केल' नांवाच्या यंत्रांत. हें यंत्र म्हणजे भट्टीची खेळण्याएवढी प्रतिकृति. अणुइंधनाऐवजीं विजेनें तापणाऱ्या कांड्या, आणि खऱ्या भट्टीस असतात तशा अनेक फेऱ्यांऐवजीं नळांची एकच फेरी. आपत्कालीन पाणी कोणत्या वाटेनें जातें हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. तें वरच्या नळांतून भांड्यांत शिरतें. भांड्याची भिंत व आंतील पिंप यांच्यामध्यें जी कंकणाकार पोकळी असते तिच्यांतून खालीं उतरतें. आणि तळाशीं वळसा घेऊन मग गाभ्यांत वर चढतें. नळ फुटला म्हणजे गाभ्यांतील वाफ नेमकी याच पोकळींतून उलट वर येऊन फुटलेल्या तोंडाकडे धांवते. ती पोकळी म्हणजे सुरईची मान. गणनेची अपेक्षा पाणी पोहोंचेल अशी होती. प्रत्यक्षांत वर चढणाऱ्या वाफेनें तें पाणी उतरूं दिलें नाहीं. त्याचा बहुतेक भाग पोकळीच्या वरच्या बाजूनेंच वळून फुटलेल्या नळांतून निघून गेला.

बातमी १९७१ च्या वसंत ऋतूंत बाहेर फुटली. अमेरिकेच्या अणुशक्तिमंडळानें जूनमध्यें तात्पुरते नियम काढले. त्यांवरून ओरड झाली. आणि जानेवारी १९७२ पासून वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथें जी सुनावणी सुरू झाली ती सुमारें दीड वर्ष लांबली. तिच्या नोंदीचीं पानें २२,००० च्या वर गेलीं. विरोधी पक्षाची बाजू मांडणाऱ्यांत हेन्री केंडल हे पदार्थविज्ञानवेत्ते होते, ज्यांस पुढें १९९० सालीं निराळ्याच शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्याबरोबर डॅनियल फोर्ड हे तरुण अर्थशास्त्रज्ञ होते. पण खरा रंग भरला तो सरकारच्याच प्रयोगशाळांतील अभियंत्यांच्या साक्षींनीं. ओक रिज व आयडाहो येथील कित्येकांनीं उलटतपासणींत कबूल केलें कीं ज्या गणनांवर परवाने दिले जात आहेत त्यांवर आपला तितका भरंवसा नाहीं.

उभय पक्षांचा युक्तिवाद वाचतांना आम्हांस एक गोष्ट फार बोलकी वाटते. भट्ट्या बांधणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, सेमिस्केल हें एका फेरीचें लहानसें खेळणें; त्यांतील अनुभव मोठ्या भट्टीस लागू करणें अशास्त्रीय. हें म्हणणें खरेंच होतें, आणि पुढें तें खरें ठरलेंहि. परंतु लहान नळीचा अनुभव मोठ्या भांड्यास लागू होत नसेल तर ज्या सूत्रांवर त्यांचीं स्वतःचीं गणितें उभीं होतीं तींहि लहान नळ्यांचींच अपत्यें होतीं. नावडता प्रयोग लहान म्हणून बाद आणि आवडतीं सूत्रें लहान असूनहि ग्राह्य, हा न्याय कोणत्या स्मृतींतला? उलट बाजूचीहि चूक होती. सेमिस्केलमध्यें पाणी पोहोंचलें नाहीं म्हणून खऱ्या भट्टींतहि तें पोहोंचणार नाहीं, असें कांहीं जण ठासून सांगूं लागले. तेंहि सिद्ध झालेलें नव्हतें. सिद्ध झालें होतें तें इतकेंच कीं गणिताला सुरई ठाऊक नाहीं.

आमच्या महाराष्ट्रांत याच सुमारास तारापूर येथें अमेरिकन कंपनीनें बांधलेल्या दोन भट्ट्या चालूं झाल्या होत्या. १९६९ च्या ऑक्टोबरांत त्यांची वीज व्यापारी रीतीनें मिळूं लागली. त्यांची जात निराळी; त्यांत पाणी नित्यच उकळतें, म्हणजे पाणी व वाफ यांचा संसार तेथें अपघाताची नव्हे तर रोजची गोष्ट. बेथेस्डा येथील वादाची चर्चा त्या काळीं आमच्या मराठी मासिकांतून व्हावयास हवी होती असें आम्हांस वाटतें. मुंबईहून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवरच ही सुरई मांडलेली होती.

सुनावणीचा निकाल डिसेंबर १९७३ अखेर लागला व १९७४ च्या आरंभापासून नवे नियम अंमलांत आले. त्यांचा विचार चतुराईचा होता. निसर्ग नक्की काय करतो हें माहीत नाहीं, तर गणितानें निसर्गाहून कठोर असावें. म्हणून कायद्यानेंच ठरवून दिलें कीं उरलेल्या उष्णतेचा आंकडा घ्यावयाचा तो मान्य कोष्टकाच्या सव्वापट नव्हे तरी १.२ पट घ्यावा; आवरणाचें उष्णतामान २,२०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारें १,२०४ अंश सेंटिग्रेडच्या, वर जातां कामा नये; आणि मुख्य म्हणजे, दाब कोसळत असतांना वाफेच्या जोरापुढें जें पाणी आंत सोडलें जाईल तें सर्व वाया गेलें असें धरावें. सेमिस्केलचा धडा अशा रीतीनें नियमांत शिरला. पण यामुळें एक विचित्र गोष्ट झाली. गणिताचें उत्तर प्रयोगाशीं जुळावें अशी अपेक्षाच उरली नाहीं; तें प्रयोगाहून वाईट निघालें म्हणजे झालें. खरें काय घडेल हें सांगणारें गणित आणि परवाना मिळविणारें गणित हीं दोन वेगळीं शास्त्रें झालीं.

पहिल्या प्रकारच्या गणिताची परीक्षा 'लॉफ्ट' या भट्टीनें घेतली. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत योजिलेली ही ५० मेगॅवॅट उष्णतेची खरी अणुभट्टी आयडाहो येथेंच बांधली होती, आणि तिचें काम एकच: आपला नळ फोडून घेणें. रखडत रखडत तिचा पहिला खरा प्रयोग ९ डिसेंबर १९७८ रोजीं झाला. कांड्यांचें उष्णतामान गणितानें वर्तविलें होतें त्यापेक्षां बरेंच कमी, ५१६ अंशांच्या आसपास, राहिलें. कांहीं सेकंद तापून आवरण एकाएकीं थंड पडलें. खालून पाण्याचा एक लोंढा गाभ्यांत परत आला होता, जो गणिताच्या ध्यानींमनीं नव्हता. आनंदीआनंद झाला. मात्र लवकरच एका प्रश्नानें त्यावर विरजण घातलें. उष्णतामान मोजणाऱ्या तारा आवरणाच्या बाहेरच्या अंगास जोडलेल्या होत्या. पाणी आधीं त्या तारांवर धरलें असेल व त्यांच्याकरवीं कांडी आधीं थंड झाली असेल काय? म्हणजे मापकानेंच मापाचा विषय थंड केला असेल काय? यावर पुढें स्वतंत्र प्रयोग करावे लागले. गणित प्रयोगावर पारखावें असें आपण सहज म्हणतों. प्रयोगहि कशावर तरी पारखावा लागतो.

लॉफ्टच्या या यशास चार महिनेहि झाले नव्हते तोंच २८ मार्च १९७९ रोजीं थ्री माइल आयलंड येथील अपघात झाला, आणि तोहि कोणीं गणितांत मांडला नव्हता अशा मार्गानें. मोठा नळ फुटला नाहींच. दाब सांभाळणाऱ्या टाकीच्या माथ्यावरील एक झडप उघडली ती मिटली नाहीं, एवढेंच. त्या टाकींतील पाण्याची पातळी पाहून चालकांनीं भट्टी भरलेली आहे असें ठरविलें व आपत्कालीन पाणी आवरतें घेतलें. वास्तविक खालीं गाभा उघडा पडत होता आणि वर टाकी भरलेली दिसत होती. कारण जोडनळींतून वर चढणारी वाफ टाकींतील पाण्यास खालीं उतरूं देत नव्हती. पुन्हां तीच सुरई! टेनेसी व्हॅली अथॉरिटींतील कार्लाइल मायकेलसन या अभियंत्यानें लहान फुटीचा हिशेब करून टाकीची पातळी फसवूं शकते हें अपघातापूर्वींच लिहून ठेविलें होतें. आणि सप्टेंबर १९७७ मध्यें ओहायोंतील डेव्हिस-बेसी या भट्टींत अशीच झडप उघडी राहून पातळीनें अशीच फसवणूक केली होती. परंतु नियमांनीं सर्वांचें लक्ष मोठ्या नळाकडे लावून ठेविलें होतें, आणि गणितें ज्या प्रश्नाचें उत्तर मागावें त्याचेंच देतात. थ्री माइल आयलंडचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

यानंतरचीं दहा वर्षें या विद्येचीं सुगीचीं वर्षें होत. पाणी व वाफ यांस निरनिराळे वेग व निरनिराळीं उष्णतामानें देणारीं सहा समीकरणांचीं गणितें पुढें आलीं: आयडाहोचें 'रिलॅप-५', लॉस अलामॉसचें 'ट्रॅक', फ्रान्सचें 'कॅथेअर'. सुरई आतां कागदावर तरी रिकामी होऊं लागली. यांतहि खोड होतीच. दिमित्री गिडास्पॉव यांनीं १९७४ च्या सुमारास दाखवून दिलें होतें कीं या समीकरणांचें साधें रूप गणिती दृष्ट्या सदोष आहे. कप्पे जितके बारीक करावे तितकें उत्तर सुधारण्याऐवजीं अधिक थरथरूं लागतें. कप्पे जाडेभरडे ठेविले म्हणजे हा दोष झांकला जातो. कित्येक वर्षें तो तसाच झांकून ठेवण्यांत आला होता, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटत नाहीं.

याच काळांत कसोटी घेण्याची एक प्रामाणिक रीत रूढ झाली. पॅरिस येथील आर्थिक सहकार्यसंघटनेच्या विद्यमानें निरनिराळ्या देशांस एकच प्रयोग दिला जाई. कधीं प्रयोगाचे आंकडे आधींच उघड असत, कधीं ते मोहोरबंद ठेवून प्रत्येकाकडून भाकीत घेतलें जाई. दोहोंतील फरक जन्मापूर्वीं केलेल्या भविष्यांत व मूल झाल्यावर जुळविलेल्या पत्रिकेंत असतो तेवढा. उघड आंकड्यांशीं गणित जुळविण्याचा मोह मोठा असतो, कारण प्रत्येक सूत्रांत एखादा तरी गुणक सैल असतो आणि तो थोडा पिळला कीं वक्ररेषा टिंबांवरून जाते. मोहोरबंद परीक्षांत जें दिसलें तें अनेकांस अनपेक्षित होतें. गणनपद्धति तीच, प्रयोग तोच, आणि तरी दोन गटांचीं उत्तरें भिन्न! कारण कप्पे कसे पाडावे, कोणतें सूत्र कोठें निवडावें, हें प्रत्येकानें आपापल्या समजुतीनें ठरविलेलें. १९९३ सालीं आक्सान, डॉरिया व स्टेटके यांनीं या विषयावर निबंध लिहून 'वापरणाऱ्याचा परिणाम' हें नांव रूढ केलें. १९८८ सालीं अमेरिकेनें आपले नियम बदलून वास्तववादी गणितास मुभा दिली ती मात्र या अटीवर, कीं उत्तराबरोबर त्याच्या अनिश्चिततेचा आंकडाहि द्यावा. चौदा वर्षें जुदीं पडलेलीं तीं दोन शास्त्रें येथें पुन्हां एका छपराखालीं आलीं.

राहतां राहिला मूळ प्रश्न. लहान पोकळींत वाफ पाण्यास अडविते, मोठींत काय? डार्टमथचे ग्रॅहम वॉलिस यांच्या सूत्रांत मानेच्या व्यासास महत्त्व होतें. दुसऱ्या एका, रशियांतील कुटाटेलाड्झे यांच्या नांवानें चालणाऱ्या राशींत तें नव्हतें. लहान नळ्यांवर दोन्ही बरींच जुळत. मोठ्या भांड्यास लावलीं कीं त्यांच्या वाटा फुटत. मधल्या आकाराच्या प्रयोगांनीं निकाल लागेना. शेवटीं जर्मनी, जपान व अमेरिका यांनीं मिळून निश्चय केला कीं भांडेंच पूर्ण आकाराचें करावें. मानहाइम येथील वीजगृहाच्या आवारांत हें भांडें उभें राहिलें. त्याचा व्यास पांच मीटरांच्या जवळपास, भोवतालच्या पोकळीची रुंदी सुमारें पाव मीटर, चार फेऱ्यांचे नळ मूळ मापाचे. इंधन मात्र नाहीं. गाभ्याच्या जागीं शेजारच्या वीजगृहाची वाफ सोडावयाची. एका सूत्राच्या परीक्षेसाठीं एवढें मोठें भांडें बांधणें कोणास उधळेपणा वाटेल. आम्हांस तो २२,००० पानांच्या वादाहून स्वस्त वाटतो.

१९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथें प्रयोग झाले आणि दोन्ही सूत्रें अपुरीं ठरलीं. दोहोंनीं असें गृहीत धरलें होतें कीं पोकळींत सगळीकडे सारखेंच घडतें. मोठ्या पोकळींत तसें झालें नाहीं. वाफ फुटलेल्या नळाच्या बाजूनें वर चढली. त्या नळाशेजारीं सोडलेलें पाणी तिनें जवळजवळ सगळें उडवून नेलें. पण समोरच्या बाजूस, फुटीपासून दूर, सोडलेलें पाणी वाफेचा एवढा जोर असतांहि भिंतीकडेनें सरळ तळास गेलें. वाट एकच होती, तरी दोघांनीं ती वांटून घेतली. लहान यंत्रांत अशी वांटणी होण्यास जागाच नव्हती. सेमिस्केल खोटें बोललें नव्हतें, तें आपल्यापुरतें बोललें होतें.

हा वृत्तांत वाचल्यावर आम्हीं घरची सुरई पुन्हां भरली आणि ती उपडी न करतां थोडी कलती धरली. हवा मानेच्या वरच्या अंगानें आंत गेली, पाणी खालच्या अंगानें बाहेर आलें, आणि गुडगुड बंद झाली.